कागदावरचे कुलशील

दिवाळीच्या अंकात कुत्र्यांवर लेख म्हटल्यावर काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मला ठाऊक आहे. पुढे फराळाचे ताट आहे, दारात आकाशकंदील डुलतो आहे, आणि हा गृहस्थ कुत्र्यांच्या सोयरिकीच्या गोष्टी घेऊन बसला! पण थोडे थांबा. याच सणात लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपली वही पाटावर ठेवतो, तिच्यावर हळदकुंकू वाहतो आणि पहिल्या पानावर 'शुभ-लाभ' लिहितो. ही पूजा कागदाची नसते. या वहीत जे लिहिले जाईल ते खरे असेल, या वचनाची ती पूजा असते. वहीत खोटी नोंद करून तिच्यापुढे हात जोडणारा माणूस लक्ष्मीला घरात बसवून तिचीच फसवणूक करतो.

मला अशाच एका वहीबद्दल लिहायचे आहे. तिच्यात रुपये-आणे नसतात. जन्म लिहिलेले असतात. कोणत्या कुत्रीला कोणत्या नरापासून, कोणत्या दिवशी, किती पिल्ले झाली, त्यांचे आजे-पणजे कोण, याची ही कीर्द-खतावणी. निरनिराळ्या देशांतले केनेल क्लब ती ठेवतात आणि तिचा उतारा म्हणून जो कागद मिळतो त्याला आपण 'पेडिग्री' म्हणतो. रुपयांच्या वहीतली लबाडी हिशेबतपासनीस पकडतो आणि बुडालेला धनको कोर्टात जातो. या दुसऱ्या वहीतल्या लबाडीचा धनको मात्र मुका आहे. त्याला कोर्ट नाही, वकील नाही, आणि आपले मागचे पाय का लुळे पडले हे विचारायला तोंडही नाही.

कागद कशाची किंमत सांगतो?

रस्त्यावरचे पिल्लू फुकट मिळते. कागद असलेल्या पिल्लाला तीस-चाळीस हजार रुपये मोजावे लागतात. हा फरक कशाचा? प्रेमाचा खासच नव्हे. दोघेही तुम्ही घरी आलात की सारख्याच वेगाने शेपूट हलवतात. इमानाचाही नव्हे. हा सगळा फरक माहितीचा आहे. हे पिल्लू केवढे होईल, त्याचा स्वभाव कसा निघेल, मुलांच्या घरात ते नांदेल की नाही, त्याच्या आईबापांना कोणते आजार होते, हे तुम्हांला आधी कळावे म्हणून तुम्ही ते पैसे देता. माहिती खोटी असेल, तर तुम्ही काहीच विकत घेतले नाही. नुसता रंगीत कागद घेतला आणि त्याच्याबरोबर एक दुर्दैवी जीव.

आणि ही माहिती लिहितो कोण? क्लबच्या कचेरीतला कारकून त्या कुत्रीच्या लग्नाला हजर नसतो. पैदास करणारा जे कळवतो, तेच तो नोंदवतो. अमेरिकन केनेल क्लब तर स्वतःच सांगतो की आमचा दाखला म्हणजे कुत्र्याच्या आरोग्याची किंवा प्रतीची हमी नव्हे. त्या क्लबने २००० साली ज्या नरांचा पैदाशीसाठी फार वापर होतो त्यांची डीएनए चाचणी सक्तीची केली. का करावी लागली? आपल्या सभासदांच्या शब्दावर पूर्ण भरवसा असता, तर रक्ताची साक्ष काढायची गरज पडली नसती. सांगायचे तात्पर्य, शे-दीडशे वर्षे ही सगळी इमारत एकाच खांबावर उभी होती आणि बव्हंशी अजूनही उभी आहे. तो खांब म्हणजे पैदास करणाऱ्याचा शब्द.

पायातच वाळवी

या खांबाला वाळवी अलीकडे लागली, अशी कोणाची समजूत असेल तर ती काढून टाका. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे जून १८५९ मध्ये पहिले रीतसर श्वानप्रदर्शन भरले. पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जाती, साठेक कुत्री आणि बक्षीस म्हणून बंदुका. निकाल काय लागला? सेटरमध्ये पहिला आला तो पॉइंटरच्या परीक्षकाचा कुत्रा आणि पॉइंटरमध्ये पहिला आला तो सेटरच्या एका परीक्षकाचा! ते दोन कुत्रे खरोखरच उत्तम असतीलही. पण ज्या खेळाची सुरुवातच 'तू माझा वाखाण, मी तुझा वाखाणतो' अशी झाली, त्याला पुढे नियमांचे कुंपण घालावे लागले यात नवल कसले? १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि १८७४ मध्ये त्याची पहिली वंशनोंदीची वही छापून निघाली. एकाच नावाचे अनेक कुत्रे मिरवत होते, कोणाचा बाप कोण याचा पत्ता नव्हता. तो गोंधळ मोडण्यासाठी ही वही जन्माला आली. म्हणजे मुळात हेतू सचोटीचाच होता. म्हणूनच पुढे त्या वहीच्या आडून जे चालले त्याचा अधिक संताप येतो.

प्रदर्शनातल्या लबाड्यांचे दोन प्रकार आहेत. एक किरकोळ आणि एक ठोक. किरकोळ म्हणजे रंगरंगोटी. पांढऱ्या केसांत खडू चोळायचा, फिकट नाकाला काळे लावायचे, कलप करायचा, खाली पडणारा कान चिकटवून उभा करायचा. बैलबाजारात शिंगे घासून, तेल चोपडून म्हातारा बैल तरणा करणारे दलाल आपण पाहिलेले आहेत. हे त्यांचेच कोटबूट घातलेले चुलतभाऊ. यापुढची पायरी म्हणजे परीक्षकाची नजर. कुत्रा धरणाऱ्याच्या दंडावर फक्त क्रमांक असतो, नाव नसते, हे खरे. पण त्या छोट्याशा वर्तुळात सर्वांना सर्वांचे कुत्रे ठाऊक असतात. परीक्षक दोरीच्या खालच्या टोकाकडे बघण्याऐवजी वरच्या टोकाकडे बघून निकाल देतो, ही तक्रार प्रदर्शनाच्या मांडवाइतकीच जुनी आहे. जो आज निकाल देतो तोच उद्या त्याच घरचे पिल्लू घेतो, परवा आपली कुत्री त्याच विजेत्याकडे नेतो आणि तेरवा स्वतः स्पर्धक म्हणून उभा राहतो. यात कायदा मोडला असेलच असे नाही. पण प्रत्येक बेइमानीला कायदा मोडावाच लागतो असे कुठे आहे?

ही किरकोळ लबाडी तशी क्षम्य म्हणा. खडू धुतला की जातो. चांदीचा पेला कपाटात धूळ खात पडतो. ठोक लबाडी मात्र धुऊन जात नाही, कारण ती रक्तात उतरते.

दडवलेला दोष

यातले मर्म कळण्यासाठी थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. कंटाळू नका, ते बुंदीच्या लाडवापेक्षा अवघड नाही. पुष्कळसे आनुवंशिक दोष जोडीने आले तरच प्रकट होतात. बापाकडून एक आणि आईकडून एक असे दोन दोष-बीज पिल्लात एकत्र आले, तर पिल्लू आंधळे होते किंवा आणखी काही बिघडते. एकच बीज असेल, तर कुत्रा अगदी धडधाकट दिसतो, प्रदर्शनात पहिला येतो, सोन्यासारखा चमकतो आणि आपल्या निम्म्या संततीला ते बीज गुपचूप वाटून देतो. असे दोन छुपे वाहक एकत्र आले की सरासरीने चार पिल्लांत एक रोगी निघते.

आता विचार करा. एका नामांकित नराच्या वेतात एक आंधळे पिल्लू निघाले. मालकापुढे दोन रस्ते आहेत. एक, सर्वांना कळवणे: 'माझ्या कुत्र्यात हा दोष आहे, त्याची पैदास मी थांबवली आहे, ज्यांनी त्याच्यापासून पिल्ले घेतली त्यांनी तपासून घ्यावे.' दुसरा, ते पिल्लू रातोरात नाहीसे करणे आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गिऱ्हाइकाकडून नराची फी मोजून घेणे. दुसऱ्या रस्त्याने जाणाऱ्याने खोटा शब्दसुद्धा उच्चारलेला नसतो. तो फक्त गप्प बसलेला असतो. पण तो किताबवाला नर लोकप्रिय असेल, तर त्याच्या एका मौनातून पाच-सात वर्षांत शेकडो घरांत आंधळी कुत्री चालू लागतात. खडू लावणाऱ्याने एका परीक्षकाला फसवले. याने न जन्मलेल्या पिढीला फसवले.

मौनाची ही सोय संस्थांनीही राखून ठेवलेली आहे. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या कुत्र्यांत खुब्याचा सांधा सैल असण्याचा रोग पुष्कळ आढळतो. अमेरिकेत १९६६ साली त्याची क्ष-किरण छायाचित्रे तपासून दाखला देणारी संस्था निघाली. काम स्तुत्य आहे. पण सांधा चांगला निघाला तर निकाल सर्वांसाठी जाहीर आणि वाईट निघाला तर मालकाने परवानगी दिली तरच जाहीर! शाळेने पास झालेल्यांचीच नावे फळ्यावर लावावीत आणि नापासांना 'तुमची हरकत नसेल तर लावू' असे विचारावे, त्यातला हा प्रकार. सगळे कुटुंब हुशार दिसणारच!

आणि नुसते मौन नाही. धडधडीत खोट्या नोंदीही होतात. नर वापरला एक आणि कागदावर चढवला किताबवाला दुसरा. एका कुत्रीला झाली चार पिल्ले, शेजारच्या बेवारस वेतातली तीन तिच्या ओटीत घातली आणि सातांचे कागद काढले. मेलेल्या कुत्रीच्या नावावर वेत दाखवले. थकलेल्या, नऊ वर्षांच्या आईचे वय पाच केले. वहीच्या पानावर हे सारे सुबक अक्षरात बसते.

लंडनचा मुखवटा उतरला तेव्हा

१९ ऑगस्ट २००८ रोजी बीबीसीने ब्रिटनमधल्या 'शुद्ध' कुत्र्यांच्या दुर्दशेवर एक चित्रपट दाखवला. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएल ही बाहुलीसारखी गोड दिसणारी जात. तिच्यात पुष्कळांची कवटी मेंदूला अपुरी पडते, पाठीच्या मज्जारज्जूत पोकळ्या होतात आणि कुत्रा वेदनेने कळवळतो. हा रोग असल्याचे निदान झालेला कुत्रा प्रदर्शनात सर्वश्रेष्ठ ठरला आणि निदानानंतरही त्याच्यापासून पैदास चालूच राहिली, असे त्या चित्रपटात दाखवले गेले. देशभर गदारोळ उडाला. बीबीसीने २००९ चे क्रफ्ट्स प्रदर्शन दाखवायचे नाकारले. सर पॅट्रिक बेटसन यांची चौकशी बसली. तिचा अहवाल २०१० मध्ये आला.

त्या चौकशीच्या काळात सामान्य लोकांना प्रथमच एक गोष्ट कळली. आई-मुलगा, बाप-लेक आणि सख्खी भावंडे यांच्या संबंधातून झालेली पिल्ले तोवर केनेल क्लब बिनदिक्कत नोंदवून घेत असे! ती नोंद २००९ पासून बंद झाली. आमच्याकडे मुलीचे लग्न ठरवताना गोत्र बघतात, प्रवर बघतात, मामाकडची नाती चाळतात. त्यामागचे शास्त्र कितपत पक्के यावर वाद घाला; पण जवळच्या रक्तात सोयरीक नको, ही जाण तरी त्यात आहे. सख्ख्या भावंडांच्या संततीत एकाच पूर्वजाचे बीज दोन्हीकडून येण्याची शक्यता शेकडा २५, सावत्र भावंडांच्या संततीत शेकडा साडेबारा, सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या संततीत शेकडा सव्वासहा. २००८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या संशोधकांनी हिशेब केला, तेव्हा ब्रिटनमधले सुमारे दहा हजार पग आनुवंशिक विविधतेच्या दृष्टीने जेमतेम पन्नास कुत्र्यांइतके भरले. दहा हजारांची वस्ती आणि पन्नासांचे रक्त! याला कुलीनता म्हणायचे असेल, तर दुष्काळाला उपास म्हणायला हरकत नाही.

मग २०१२ चे क्रफ्ट्स. पंधरा धोक्याच्या जातींपुरता नवा नियम झाला: परीक्षकाने जातीत पहिला ठरवलेला कुत्रा स्वतंत्र पशुवैद्याने तपासायचा. सहा जातींचे विजेते नापास झाले. त्यांत बुलडॉग होता, पेकिनीज होता, बॅसेट हाउंड होता. ज्याला तज्ज्ञाने जातीचा आदर्श म्हणून निवडले, तो वैद्याने रोगी ठरवला! आणि संताप कोणावर झाला? पुष्कळ हौशी मंडळी चिडली ती वैद्यांवर. आरसा फोडायला धावणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. पण आरशावर अन्यायाचा आरोप करणारे विरळाच.

ज्या बुलडॉगला इंग्रज माणूस आपल्या राष्ट्राचे प्रतीक मानतो, त्याची कथा तर करुण आहे. डोके इतके मोठे आणि कंबर इतकी अरुंद करून ठेवली की ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे शंभरातल्या ऐंशीहून अधिक वेतांना पोट फाडून पिल्ले बाहेर काढावी लागत होती. जो प्राणी स्वतःच्या बळावर जन्माला येऊ शकत नाही, त्याला सुदृढतेचे पदक देणे हे असत्यच आहे; मग प्रत्येक कागद कितीही खरा असो. नॉर्वेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये तेथे कॅव्हेलियरची पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरली. हौशी लोक आपले घर आपण झाडत नाहीत, तेव्हा झाडू घेऊन सरकार आत येते.

'शुद्ध' या शब्दाचा दंभ

डाल्मेशियन, तो ठिपक्यांचा कुत्रा, मुलांनी सिनेमात पाहिलेला असतो. या जातीत एक दोष असा पक्का बसला होता की शुद्ध म्हणवणाऱ्या प्रत्येक डाल्मेशियनच्या लघवीत यूरिक आम्ल फाजील असे. त्यातून कित्येकांना मूतखडे होत. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट शायबल नावाच्या आनुवंशशास्त्रज्ञाने एका डाल्मेशियनचा पॉइंटरशी एकदाच संकर केला आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या डाल्मेशियनशीच जोड लावून तो दोष घालवला. दिसायला ठिपक्यांचे तेच कुत्रे; फक्त निरोगी. १९८१ मध्ये अमेरिकन क्लबने त्यांतली दोन कुत्री नोंदवली आणि जातीच्या अभिमान्यांनी असा कल्लोळ केला की पुढची नोंद बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हायला २०११ साल उजाडले. तीस वर्षे! तीस वर्षे मूतखडा चालला, पण एका पॉइंटर पूर्वजाचा विटाळ चालला नाही.

हा विटाळ शब्द मी जाणूनबुजून वापरला. महाराष्ट्राला रक्तशुद्धीच्या अहंकाराचा इतिहास समजावून सांगण्याची गरज नाही. फुले-आंबेडकरांच्या या भूमीत 'शुद्ध रक्त' म्हटले की कान टवकारले पाहिजेत. मग ते माणसाचे असो की कुत्र्याचे. शायबलने सर्व काही उघडपणे, नोंदी ठेवून, नाव-गाव सांगून केले. प्रामाणिक संकर हा अप्रामाणिक शुद्धतेपेक्षा शतपट कुलीन आहे.

आपल्या अंगणात

हे सारे साहेबाच्या देशातले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणू नये. एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत पगांचा पूर आला. चपट्या नाकाचा हा प्राणी थंड हवेतही घरघरतो. तो आपल्या मे महिन्यात कसा धापा टाकतो ते त्याला पाळणाऱ्यांना विचारा. पाठोपाठ बर्फातला हस्की विदर्भाच्या उन्हात आला. मागणी वाढली, पिल्ले वाढली, कागदही वाढले. केनेल क्लब ऑफ इंडियाने कातडीखाली मायक्रोचिप बसवण्याचा नियम केला, हे चांगलेच. पण चिप इतकेच सांगते की हा कुत्रा म्हणजे तो कुत्रा. त्याचा बाप कोण हे ती सांगत नाही.

माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने मुलीच्या वाढदिवसाला कागदांसकट लॅब्रॅडॉरचे पिल्लू घेतले. नवव्या महिन्यात ते जिना चढेना. पशुवैद्याने क्ष-किरण काढले. खुबे दोन्ही निकामी. चिप वाचली तर तिचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळेना. विकणाऱ्याला फोन केला, तेव्हा तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "पिल्लू परत आणा, दुसरे देतो." जणू प्रेशर कुकरची शिट्टी बदलून द्यायची होती! आईने लेकीकडे पाहिले. लेकीने कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारली होती. कुत्रा त्यांनी ठेवला, शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढले. फसवणाऱ्यांचा धंदा याच मिठीवर चालतो. बिघडलेला पंखा माणूस परत करतो. बिघडलेले लेकरू करत नाही.

कायदा नाही असे नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम केले: पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंद करावी, कुत्री दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिची पैदास करू नये, तिला वर्षातून एकाहून अधिक वेत नको, जन्मभरात पाचांहून अधिक नकोत, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये. नियम उत्तम आहेत. पण ज्या १९६० च्या कायद्याच्या पोटी ते जन्मले, त्यात प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत आज धड चकलीचे पुडकेही येत नाही.

आणि आपल्या मातीतल्या वाणाचे काय? मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेला मुधोळ हाउंड, लातूरकडचा कारवान, त्याचा केसाळ भाऊ पश्मी. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. लष्करानेही त्याला शिकवून कामाला घेतले. हा सडसडीत, वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा घडवला कोणी? त्याच्यापाशी पेडिग्री नव्हती. मेंढपाळाच्या आणि शिकाऱ्याच्या अंगणात तो वाढला. रात्री लांडगा आला की कुत्र्याची परीक्षा होई आणि लांडग्यापुढे खोटे कागद चालत नसत. जो निकामी, त्याची अवलाद कोणी वाढवत नसे. आता या कुत्र्यालाही भाव आला आहे. भावाबरोबर त्याच्या नावाने वाटेल ते बारीक पिल्लू खपवणारेही येतील. ही वही अजून कोरी आहे. पहिल्या पानापासून ती खरी लिहायची की साहेबाचा कित्ता गिरवायचा, हे आपल्या हातात आहे.

आक्षेप आणि उत्तर

कोणी म्हणेल, 'थोडीफार लबाडी कुठल्या धंद्यात नाही?' असेल. पण दुधात पाणी घालणाऱ्याने घातलेले पाणी उद्याच्या दुधात आपोआप उतरत नाही. दोष-बीज उतरते.

दुसरा म्हणेल, 'मग हे जातिवंतांचे थोतांडच बंद करा. रस्त्यावरची कुत्री पाळा.' रस्त्यावरचे कुत्रे पाळणाऱ्याला माझा दंडवत. पण चांगले वाण जोपासणे ही मानवाची जुनी आणि थोर कला आहे. आमच्या शेतकऱ्याने खिल्लार घडवला तो याच कलेने. आंधळ्याला वाट दाखवणारा, स्फोटके हुंगून काढणारा, मेंढरे राखणारा कुत्रा पिढ्यांच्या निवडीतूनच निपजतो. कलेत लबाड शिरले म्हणून कला टाकायची नसते. लबाडांना हाकलायचे असते. आणि प्रामाणिक माणसे या क्षेत्रात आहेत. दोन वेतांमध्ये दोन वर्षे थांबणारी, पिल्लू देण्याआधी घेणाऱ्याचीच उलटतपासणी करणारी, आपल्या किताबवाल्या नरात दोष दिसताच त्याला पैदाशीतून काढून तसे चारचौघांत सांगणारी. नुकसान त्यांचेच होते. लबाडाच्या प्रत्येक विक्रीतून प्रामाणिकाचे एक गिऱ्हाईक कमी होते. म्हणून हा लेख त्यांच्याविरुद्ध नसून त्यांच्यासाठी आहे.

तिसरा म्हणेल, 'कुत्र्यासाठी एवढा आटापिटा?' त्याला मी महाभारत दाखवीन. शेवटच्या प्रवासात भाऊ पडले, पत्नी पडली. युधिष्ठिराबरोबर उरला एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि कुत्र्याला सोडून ये म्हणाला. धर्मराजाने स्वर्ग नाकारला. विश्वासाने बरोबर आलेल्याला टाकायचे त्याने साफ नाकारले. तिथे परीक्षा कुत्र्याची नव्हती, माणसाची होती. प्रदर्शनाच्या रिंगणातही परीक्षा माणसाचीच असते. फक्त पदक कुत्र्याच्या गळ्यात पडते, इतकेच.

मागणे काय?

मागणे फार नाही. क्लबांनी प्रत्येक वेताच्या आईबापांची डीएनए चाचणी करूनच नोंद करावी; आज ते शास्त्राला कठीण नाही. आरोग्यतपासणीचा निकाल बरा असो वा वाईट, तो जाहीर व्हावा. परीक्षकाने ज्यांच्याशी पिल्लांचा वा पैदाशीचा व्यवहार केला, त्यांचे कुत्रे तपासायला उभे राहू नये. खोटी नोंद सिद्ध झाली, तर त्या पैदासकाराचे नाव वहीतून कायमचे, आणि उघडपणे, खोडावे.

पण क्लब बदलतील तेव्हा बदलतील. खरी किल्ली तुमच्या खिशात आहे. पाडव्याला किंवा भाऊबिजेला घरात पिल्लू आणायचे मनात असेल, तर सणाची घाई करू नका. फटाक्यांच्या आवाजात नवे पिल्लू आधीच भेदरून जाते. सण सरू द्या. मग पैदास करणाऱ्याच्या घरी स्वतः जा. 'कागद दाखवा' असे म्हणण्याआधी 'आई दाखवा' असे म्हणा. ती कुठे राहते, तिच्या अंगावर मांस आहे का, ती मालकाला पाहून शेपूट हलवते की अंग चोरते, हे डोळ्यांनी पाहा. तिची याआधी किती वेते झाली ते विचारा. आईबापांच्या खुब्यांची, वयाची दोन वर्षे पूर्ण झाल्यावर काढलेली क्ष-किरण छायाचित्रे मागा. चिप समोर वाचून घ्या. आधीच्या वेतातले एखादे कुत्रे ज्या घरी आहे, त्या घराचा पत्ता मागा. प्रामाणिक माणूस या प्रश्नांनी खूष होईल आणि चहा सांगेल. लबाड रागावेल, घाई करील, 'दुसरे गिऱ्हाईक बाहेर उभे आहे' म्हणेल. त्याला खुशाल ते गिऱ्हाईक आत घेऊ द्या. मात्र जाता जाता त्या गिऱ्हाइकालाही सांगा, की आधी आई बघा.